इंग्रजी क्रियापद कुणाचं ऐकतं?

प्रश्न कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीच्या, म्हणजे धातू ओतून कास्टिंगं बनवणाऱ्या कारखान्याच्या, डिस्पॅच विभागातून आलाय. विचारणाऱ्यानं परदेशी ग्राहकाला लिहिलेल्या मेलमधली दोन वाक्यं पाठवली आहेत. पहिलं, "द क्वालिटी ऑफ अवर कास्टिंग्ज आर टेस्टेड बिफोर डिस्पॅच." साहेबांनी 'आर'भोवती लाल गोल करून 'इज' लिहिलं. दुसरं, "अ नंबर ऑफ कास्टिंग्ज आर रिजेक्टेड." इथंही 'आर' खोडून 'इज'. त्याचं म्हणणं असं: "सर, दोन्हीकडं 'इज'च येतं का? कर्ता एकवचनी तर क्रियापद एकवचनी, हा नियम आठवीपासून पाठ आहे. टेस्टमध्ये दहापैकी नऊ पडतात, तरी मेल लिहिताना चूक होतेच. व्याकरण पुन्हा पहिल्यापासून करू का?"

साहेबांची पहिली दुरुस्ती बरोबर आहे, दुसरी चुकलीय. ते त्यांना कसं सांगायचं हे शेवटी बघू. आधी व्याकरणाचं. राजारामपुरीतल्या माझ्या क्लासात २६ वर्षांत हे गाऱ्हाणं सगळ्यात जास्त वेळा ऐकलंय, म्हणून सांगतो, पहिल्यापासून काही करू नका. नियम तुम्हाला येतो. टेस्टमधलं वाक्य पाच-सहा शब्दांचं असतं, पुढं दोन पर्याय दिलेले असतात, आणि आपली परीक्षा नेमकी कशाची चाललीय हे ठाऊक असतं. मेल लिहिताना डोक्यात ट्रक, पॅकिंग लिस्ट आणि जहाजाची तारीख असते. हात मराठीच्या कानावर चालतो. तो कान बहुतेक ठिकाणी उत्तम साथ देतो आणि चार-पाच ठिकाणी हमखास दगा देतो. त्या जागा ओळखीच्या करून घ्यायच्या आहेत, एवढंच.

मुळात इंग्रजी मागतं किती, ते बघा. मराठीत तो जातो, ती जाते, ते जातं, ते जातात, तू जातोस, तू जातेस, तुम्ही जाता. पुरुष, वचन, लिंग, सगळं क्रियापदावर उमटतं. इंग्रजीत 'गो' आणि 'गोज', संपलं. तेही फक्त साध्या वर्तमानकाळात. भूतकाळात 'वेंट' सगळ्यांना एकच. 'विल', 'कॅन', 'मस्ट', 'शुड' यांना कर्ता कोण आहे याच्याशी देणंघेणंच नाही. उरतं काय, तर तृतीयपुरुषी एकवचनाचा तो एक 'एस', 'हॅज-हॅव', 'डझ-डू' आणि 'अ‍ॅम, इज, आर, वॉज, वेअर' ही पाच भावंडं. ज्यानं शाळेत जायच्या आधीच 'बैल आला, गाय आली, वासरू आलं' बिनचूक म्हटलं, त्याला हे अवघड जायचं कारण नाही.

आणि लिंगाच्या बाबतीत कोल्हापूरकरांना तर सवय आहेच. आमच्याकडची पोरगी 'मी येतो', 'मी जेवलो' म्हणते. पुण्याला होस्टेलवर गेली की पहिल्या आठवड्यात तिची चेष्टा होते. मी वर्गात पोरींना सांगतो, लाजू नका, 'आय गो' म्हणणारा बाप्या आहे की बाई हे इंग्रजी क्रियापदसुद्धा विचारत नाही.

त्या एका 'एस'चा मात्र घोळ खरा आहे. नामाला लागला की अनेकवचन, क्रियापदाला लागला की एकवचन. नवख्याला वाटतं, 'बॉइज' अनेकवचनी झालं, मग क्रियापदालाही शेपूट लावूया, म्हणून "द बॉइज प्लेज". असं का आहे म्हणाल, तर हे दोन 'एस' एकमेकांचे कुणी लागत नाहीत. क्रियापदाचं शेपूट पूर्वी वेगळंच होतं, 'गोएथ', 'मेकेथ' असं. १६११ सालच्या इंग्रजी बायबलमध्ये ते पानोपानी दिसतं. 'एस' हा उत्तर इंग्लंडच्या बोलीतून आला आणि त्यानं जुन्या शेपटाला हाकललं. इंग्लंडच्या पूर्व भागात नॉरफककडं अजूनही काही लोक बोलताना 'शी गो' म्हणतात. म्हणजे आपले विद्यार्थी ज्या चुकीवर मार खातात ती तिकडं एका भागाची बोली आहे. तुम्हाला मात्र मेल नॉरफकच्या बोलीत लिहायचा नाहीये.

'डझ' आला की मूळ क्रियापदाचा 'एस' जातो, हेही त्यातच. वाक्यात 'एस' एकदाच. 'डझ'नं उचलला की 'नो' (माहीत असणं) मोकळा. "ही डझन्ट नोज" म्हणजे एकाच बिलावर दोनदा जीएसटी.

आता तुमचं पहिलं वाक्य. ते मराठीत म्हणून बघा. "आमच्या कास्टिंगांची क्वालिटी डिस्पॅचच्या आधी तपासली जाते." तुम्ही झोपेतसुद्धा 'क्वालिटी तपासली जातात' म्हणणार नाही. 'पोरांची संख्या वाढले' असं कोल्हापुरात कुणी म्हटलेलं मी ऐकलेलं नाही, पण 'द नंबर ऑफ स्टुडंट्स हॅव इन्क्रीज्ड' आठवड्यातून एकदा तरी वहीत सापडतं. पोरगं तेच, अक्कल तीच. मग फरक कुठं पडला?

फरक बसण्याच्या जागेत आहे. मराठीत नामाचा सगळा लवाजमा, 'चा-ची-चे' लागलेले शब्द, विशेषणं, 'सह' नि 'सोबत', हे सगळं आधी येतं आणि मुख्य नाम शेवटी येऊन क्रियापदाला खेटून बसतं. इंग्रजीत मुख्य नाम पुढं येऊन बसतं आणि 'ऑफ', 'फॉर', 'विथ' यांची शेपटी त्याच्यामागं लांबत जाते. त्यामुळं क्रियापदाच्या शेजारी बसतो तो शेपटीतला शेवटचा शब्द. आपल्या कानाला जन्मापासून सवय की क्रियापदाच्या शेजारी बसलाय तो घरमालक. इंग्रजीत तिथं भाडेकरू बसलेला असतो. तुमच्या वाक्यात 'कास्टिंग्ज' हा भाडेकरू. 'आर' त्याच्याकडं बघून आला. इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे तेसुद्धा इथं चुकतात, त्यामुळं फार वाईट वाटून घेऊ नका.

म्हणून माझा क्लासातला सगळ्यात जुना उपाय: वाक्य मराठी करा आणि क्रियापदाच्या लगेच आधीचं नाम बघा. "द प्राइस ऑफ जॅगरी ब्लॉक्स" इथं 'हॅज रिझन' की 'हॅव रिझन'? गुळाच्या रव्यांचा भाव चढलाय. भाव, एक. 'हॅज'. "द टेस्ट सर्टिफिकेट, अलाँग विथ टू फोटोज" पुढं काय? दोन फोटोंसह टेस्ट सर्टिफिकेट जोडलंय. सर्टिफिकेट, एक. 'इज अटॅच्ड'. "द ड्रॉइंग्ज फॉर द न्यू पंप बॉडी"? नव्या पंप बॉडीची ड्रॉइंगं जोडली आहेत. 'आर'. 'अ‍ॅज वेल अ‍ॅज', 'टुगेदर विथ', 'इन्क्लूडिंग' या सगळ्यांचे स्वतंत्र नियम पाठ करायची गरज पडत नाही, कारण मराठीत ते सगळे आपोआप पुढं सरकतात.

मात्र मराठी करायचं ते अर्थाचं, शब्दाला शब्द लावून नव्हे. तुमच्याच धंद्यातला शब्द घ्या, लॉट. "अ लॉट ऑफ कास्टिंग्ज हॅव बीन रिजेक्टेड" म्हणजे पुष्कळ कास्टिंगं रिजेक्ट झाली. 'अ लॉट ऑफ' हा इथं 'पुष्कळ' या अर्थाचा दागिना आहे, मालक कास्टिंगं, म्हणून 'हॅव'. "द लॉट ऑफ टू हंड्रेड कास्टिंग्ज हॅज बीन रिजेक्टेड" म्हणजे दोनशे नगांचा तो लॉट रिजेक्ट झाला. मालक लॉट, म्हणून 'हॅज'. फौंड्रीत दोन्ही वाक्यं खरी असू शकतात आणि दोन्हींत पैशाचा फरक मोठा आहे. ग्राहक 'हॅज' आणि 'हॅव'वरून ओळखेल की पुष्कळ नग गेले की अख्खा लॉटच गेला.

'नंबर'चंही तेच. पावसाळ्यात राधानगरीची बातमी कोल्हापूरला तोंडपाठ असते. धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत, पाणी ठरावीक पातळीला गेलं की ते आपले आपण उघडतात, आणि इकडं पंचगंगेकाठचे लोक सामान माळ्यावर टाकायला लागतात. आता "अ नंबर ऑफ गेट्स हॅव ओपन्ड" म्हणजे बरेच दरवाजे उघडलेत. उघडले कोण? दरवाजे. 'हॅव'. "द नंबर ऑफ ओपन गेट्स इज फोर" म्हणजे उघड्या दरवाजांची संख्या चार आहे. चार कोण? संख्या. 'इज'. संख्या काही उघडत नाही आणि दरवाजा काही चार नसतो. 'नंबर'च्या आधी 'अ' असेल तर 'बरेच', 'द' असेल तर 'संख्या', एवढं ध्यानात राहिलं की पुरे. साहेबांची गाडी याच दरवाजात अडकली.

आता कान दगा देतो त्या जागा. पहिली जागा आदरार्थी अनेकवचनाची, आणि तिची गोष्ट माझी स्वतःची आहे.

मी कागल तालुक्यातल्या खेड्यातला. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचं. पुढं सहावी-सातवीत 'माय फादर' वर दहा ओळी लिहायच्या होत्या. मी लिहिलं, "माय फादर आर अ फार्मर. दे गेट अप अर्ली." गुरुजींनी वही वर्गासमोर धरली आणि विचारलं, "किती बाप आहेत रं तुला?" वर्ग हसला. मी घरी जाऊन वही चुलीत घालायला निघालो होतो, आईनं हात धरला. राग कशाचा आला होता ते मला फार उशिरा कळलं. 'इज' हा शब्द मला माहीत होता. पण 'माय फादर इज' म्हणजे माझ्या कानाला 'आबा आला' वाटायचं. घरात आबांना कुणी 'आला' म्हटलं असतं तर त्याची पाठ शेकली असती. 'आबा आल्यात', 'आबा जेवाय बसल्यात' असंच. मी वडिलांचा मान राखत होतो आणि गुरुजी मला एकवचन शिकवत होते. दोघंही आपापल्या जागी बरोबर.

पुढं शिकवायला लागल्यावर एक गंमत दिसली. 'माय फादर आर' लिहिणारं पोरगं त्याच पानावर 'माय मदर इज' बिनचूक लिहितं. कारण बहुतेक घरांत आई एकेरी, 'आई आली', आणि वडील आदरार्थी, 'बाबा आले'. नियम कच्चा असता तर दोन्हीकडं चूक झाली असती. मोठ्या माणसांतही हे टिकतं, फक्त वडिलांच्या जागी साहेब येतात. "अवर डायरेक्टर आर व्हिजिटिंग जर्मनी", "पाटील सर हॅव अ‍ॅप्रूव्ह्ड". इंग्रजी क्रियापदाला मान देता येत नाही. मान द्यायचा तर 'मिस्टर' लावा, 'काइंडली' लिहा, वाक्य नम्र करा, पण क्रियापद डोकी मोजतं. राष्ट्रपती असले तरी 'इज'.

एका जागी मात्र इंग्रजीनंही आपल्यासारखाच मान ठेवलाय, आणि तिथं कुणाचं लक्ष जात नाही. 'यू आर'. समोर एकच माणूस असताना 'आर' का? कारण 'यू' हा मुळात 'तुम्ही' आहे. 'तू'साठी इंग्रजीत 'दाऊ' होता, त्याचं क्रियापदही वेगळं, 'दाऊ आर्ट'. मान देण्यासाठी एकट्यालाही 'यू' म्हणायची पद्धत वाढत गेली आणि 'तू' व्यवहारातून गेलाच. आता इंग्रज कुत्र्यालाही 'तुम्ही' म्हणतो. तेव्हा 'यू वॉज' लिहायचा मोह झाला की 'तुम्ही होतास' म्हणून बघा.

दुसरी जागा 'ने'ची. "साहेबांनी तीन मेल पाठवले आहेत." इथं मराठी क्रियापद साहेबांकडं ढुंकून बघत नाही. ते मेल मोजतं. एक मेल असता तर 'पाठवला आहे', चिठ्ठी असती तर 'पाठवली आहे'. शाळेत याला कर्मणी प्रयोग म्हणतात. इंग्रजीत असला प्रकार नाही. पण कान तीन मेल धरून बसतो आणि हात लिहितो, "अवर मॅनेजर हॅव सेंट थ्री मेल्स". उलटंही होतं, "त्यांनी एक मेल पाठवलाय" याचं "दे हॅज सेंट अ मेल". 'हॅज-हॅव'च्या चुका 'इज-आर'पेक्षा जास्त का होतात, असं मला विचारतात. माझ्या मते मुख्य कारण हेच, 'ने' लावलेल्या कर्त्याकडं बघायची मराठी क्रियापदाला सवयच नाही. उपाय: 'हॅज' किंवा 'हॅव' लिहिताना वाक्यातला 'नं' किंवा 'नी' पुसून 'कोण?' विचारायचं. पाठवणारा कोण? मॅनेजर. एक. 'हॅज'. पाठवलं काय आणि किती, हे इंग्रजी क्रियापद कधीच विचारत नाही.

तिसरी जागा 'आणि'. माणसं असतील तर मराठी अनेकवचन घेते, 'सुरेश आणि महेश आले'. पण वस्तू असतील तर आपण शेवटच्या वस्तूवर भागवतो. 'वारा आणि पाऊस सुटला'. 'टेबल आणि खुर्ची मोडली'. म्हणून "इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट जोडली आहे" हे अगदी साधं मराठी वाक्य, आणि त्याचं इंग्रजी होतं "द इन्व्हॉइस अँड द पॅकिंग लिस्ट इज अटॅच्ड". डिस्पॅचच्या मेलमध्ये हे वाक्य तुम्ही रोज लिहीत असणार. 'आर' पाहिजे. इंग्रजीत 'अँड' म्हणजे बेरीज, माणूस असो की कागद. अपवाद एवढाच की दोन्ही मिळून एकच चीज असेल तर 'इज': "मिसळ अँड पाव इज माय ब्रेकफास्ट". ताटं दोन नाहीत. एकाच माणसाकडं दोन पदं असतील तरी तसंच. "द सेक्रेटरी अँड ट्रेझरर इज" म्हणजे माणूस एक, "द सेक्रेटरी अँड द ट्रेझरर आर" म्हणजे दोन. मघाच्या तुमच्या वाक्यात लिस्टच्या आधी दुसरा 'द' मुद्दाम घातलाय तो याचसाठी.

'ऑर' आणि 'नॉर' यांच्याशी मात्र मराठी कान जुळतो, जवळच्याशी मेळ. "आयदर द पॅटर्न ऑर द कोअर बॉक्सेस आर डॅमेज्ड". अनेकवचनी नाम दुसऱ्या जागी ठेवलं की वाक्य कानालाही बरं लागतं.

चौथी जागा म्हणजे ज्या वस्तू मराठीत अनेक आणि इंग्रजीत एक, किंवा उलट. मराठीत केस गळतात, पैसे संपतात. इंग्रजीत 'माय हेअर इज फॉलिंग', 'द मनी इज फिनिश्ड'. 'हेअर आर' मी पीएचडी झालेल्या माणसाच्या तोंडी ऐकलंय. उलट कात्री, पँट, चष्मा मराठीत एकेक, इंग्रजीत 'सिझर्स आर', 'ट्राउझर्स आर', 'स्पेक्टॅकल्स आर', कारण त्यांना दोन पाती, दोन पाय, दोन काचा दिसतात. मध्ये 'पेअर' आला की मालक बदलला: "धिस पेअर ऑफ कोल्हापुरी चप्पल्स इज हँडमेड". आपणही 'चपलांचा जोड फाटला'च म्हणतो. 'न्यूज' आणि 'मॅथेमॅटिक्स' यांच्या शेवटच्या 'एस'ला भुलू नका, दोन्ही 'इज'. पोलीस, लोक आणि गुरं यांच्याबाबत मराठी-इंग्रजीचं एकमत आहे: 'पोलीस आर', 'पीपल आर', 'कॅटल आर'. 'इन्फर्मेशन', 'लगेज', 'फर्निचर', 'इक्विपमेंट' यांना मुळात 'एस'च लावू नका, म्हणजे पुढचा प्रश्न उद्भवत नाही.

रक्कम, मुदत, अंतर हे इंग्रजीत एकगठ्ठा धरतात. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. "थर्टी-नाइन फीट इज द वॉर्निंग लेव्हल". एकोणचाळीस वेगवेगळे फूट कुणी मोजत नाही, ती एक खूण आहे. तसंच तुमच्या कामाचं: "टू वीक्स इज नॉट इनफ फॉर धिस ऑर्डर". मराठीत 'दोन आठवडे पुरणार नाहीत' असं अनेकवचन येतं, तेव्हा इथंही कानावर विसंबू नका.

बाकीचं भराभर. 'ईच', 'एव्हरी', 'एव्हरीवन' एकवचनी. 'प्रत्येक जण आला' म्हणतो तसंच. 'वन ऑफ द' नंतर नाम अनेकवचनी आणि क्रियापद एकवचनी: "वन ऑफ द मोल्ड्स इज क्रॅक्ड". यात दोन चुका शक्य असतात आणि लोक दोन्ही करतात. 'वन ऑफ दोज हू' आलं तर क्रियापद अनेकवचनी होतं, पण तुमच्या मेलमध्ये ते वर्षातून एकदा येईल, त्यासाठी झोप घालवू नका. 'नन ऑफ द कास्टिंग्ज' पुढं 'इज' आणि 'आर' दोन्ही चालतात. 'टीम', 'कमिटी', 'स्टाफ' यांना ब्रिटिश लोक अनेकवचनही लावतात, क्रिकेटच्या समालोचनात "इंडिया आर" ऐकलं असेलच, अमेरिकन बहुधा 'इज'. तुम्ही 'इज' धरा आणि एका मेलमध्ये दोन्ही मिसळू नका.

सराव कसा करायचा? वर्कबुक आणू नका. पाठवलेले शेवटचे दहा मेल प्रिंट काढा. प्रत्येक वाक्यातल्या 'इज, आर, वॉज, वेअर, हॅज, हॅव, डू, डझ' आणि वर्तमानकाळी क्रियापदाखाली रेघ मारा. मग तिथून मागं जात 'कोण?' विचारा आणि सापडलेल्या एका शब्दाला गोल करा. एकच शब्द, अख्खा वाक्यांश नाही. मग 'ऑफ'पासून क्रियापदापर्यंतचा भाग बोटानं झाका आणि उरलेलं वाचा: "द क्वालिटी ... आर टेस्टेड". चूक दिसते. वाक्य मोठ्यानं वाचून बघा असा सल्ला बरेच जण देतात. आपल्या बाबतीत तो फारसा उपयोगी नाही, कारण ऐकणारा कान पुन्हा मराठीच असतो. दहा मेल झाले की कळेल, तुमच्या चुका सगळ्या प्रकारच्या नाहीत, दोनच प्रकारच्या आहेत. पाठवलेल्या वाक्यांवरून बघता एक तर शेपटीचाच प्रकार आहे. दुसरा 'हॅज-हॅव'चा निघेल असा माझा अंदाज.

आणि शक्य तिथं शेपूटच कापा. "द क्वालिटी ऑफ अवर कास्टिंग्ज इज टेस्टेड बिफोर डिस्पॅच" हे शुद्ध आहे, पण "वी टेस्ट एव्हरी कास्टिंग बिफोर डिस्पॅच" जास्त चांगलं. तपासतं कोण ते कळतं, क्रियापद कर्त्याच्या शेजारी येतं आणि ग्राहकालाही भरवसा वाटतो. अर्थात प्रत्येक नग खरंच तपासत असाल तरच.

राहिले साहेब. "अ नंबर ऑफ कास्टिंग्ज आर रिजेक्टेड" यातलं तुमचं 'आर' बरोबर होतं. पण त्यांच्या टेबलावर हे उत्तर नेऊन ठेवू नका. त्यांनी तुमचं पहिलं वाक्य दुरुस्त केलं आणि त्याच न्यायानं दुसरं केलं, 'नंबर' दिसला, 'इज' लावला. चूक समजण्यासारखी आहे. वाद घालण्यापेक्षा ते वाक्यच बदला. परदेशातला ग्राहक 'अ नंबर ऑफ' वाचून विचारणारच, किती? कोणत्या हीटचे, म्हणजे भट्टीच्या कोणत्या खेपेचे? कशामुळं? तेव्हा रिजेक्शनच्या रजिस्टरमधून आकडा काढा. समजा बारा नग ब्लो-होलमुळं, म्हणजे आत राहिलेल्या हवेच्या पोकळीमुळं, गेले असतील, तर लिहा, "ट्वेल्व्ह कास्टिंग्ज फ्रॉम धिस हीट वेअर रिजेक्टेड ड्यू टू ब्लो-होल्स." बारा म्हटल्यावर 'वेअर'ला साहेबही गोल करणार नाहीत.